फिनिश पक्षिनामाची व्युत्पत्ती कशी शोधावी : ‘हान्हि’ या शब्दाचा माग

फिनिश भाषेत कलहंसाच्या जातीच्या पक्ष्यांना, म्हणजे इंग्रजीत ज्यांना ‘गूज’ म्हणतात त्यांना, ‘हान्हि’ असे नाव आहे. मराठी कानाला हा शब्द ऐकताक्षणी ‘हंस’ आठवतो, कारण पहिले अक्षर तेच आहे, मध्ये अनुनासिक आहे आणि अर्थही जवळचा आहे. फिनिश ही उरालिक कुळातील भाषा असून एस्टोनियन, सामी, मोर्दविन आणि हंगेरियन या तिच्या सगोत्र भाषा आहेत. संस्कृत, मराठी, लिथुआनियन, स्वीडिश आणि जर्मन या मात्र इंडो-युरोपीय कुळातील आहेत. त्यामुळे फिनिश आणि मराठी यांत एखादा शब्द सारखा दिसला, तर तो योगायोग असण्याची शक्यता बरीच मोठी असते. ‘हान्हि’ आणि ‘हंस’ यांचा संबंध खरा आहे. पण दोन्हींच्या आरंभी ‘ह’ आहे हा त्याचा पुरावा नव्हे. ते दोन ‘ह’ एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन वाटांनी आले आहेत. संबंध खरा असूनही साम्य फसवे कसे असू शकते, हे या एका शब्दात फार स्वच्छ दिसते, म्हणून संपूर्ण पद्धत याच उदाहरणावर उलगडून दाखवीत आहे. हीच पद्धत कोणत्याही फिनिश पक्षिनामाला लावता येते, आणि त्यासाठी फिनिश बोलता येणे आवश्यक नाही.

लेखनाविषयी दोन गोष्टी आधी सांगतो. फिनिशमधील ‘अ’ हा स्वर मराठी ‘आ’च्या जवळचा पण ऱ्हस्व आहे, म्हणून येथे तो ‘आ’ असाच लिहिला आहे. ज्या अक्षरावर दोन टिंबे देतात तो स्वर ‘ॲ’ असा दाखवला आहे. लिथुआनियनमधील घोष ऊष्म ध्वनी, म्हणजे ‘श’ उच्चारताना कंठ कंपित केला असता जो ऐकू येतो तो, ‘झ़’ या चिन्हाने लिहिला आहे. शब्दाआधी तारांकन असेल, तर ते रूप कोठेही लिहिलेले आढळत नाही, अभ्यासकांनी तुलनेने सिद्ध केले आहे, असे समजावे.

पायरी पहिली : पक्षी आणि नाव दोन्ही निश्चित करा

सुरुवात शास्त्रीय नावापासून करावी, कारण बोलीतील नावे एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर सहज सरकतात. ‘आन्सर आन्सर’ हे शास्त्रीय नाव असलेल्या करड्या कलहंसाला फिनिशमध्ये ‘मेरिहान्हि’ म्हणतात. हा जोडशब्द आहे : ‘मेरि’ म्हणजे समुद्र आणि ‘हान्हि’ म्हणजे कलहंस. याच रीतीने ‘मेत्सॅहान्हि’ म्हणजे वनातील कलहंस, ‘किल्युहान्हि’ म्हणजे किंचाळणारा कलहंस आणि ‘वाल्कोपोस्किहान्हि’ म्हणजे पांढऱ्या गालांचा कलहंस. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकदंबाला फिनिश पक्षिनिरीक्षक ‘तीबेतिनहान्हि’, म्हणजे तिबेटी कलहंस, म्हणतात.

अशा नावाचा पूर्वपद आणि उत्तरपद असा विग्रह करून प्रत्येक भागाचा स्वतंत्र विचार करावा. ‘तीबेतिनहान्हि’सारखी नावे अलीकडच्या काळात ठरवलेली असतात, जगभरातील पक्ष्यांना फिनिश नावे देण्याचे काम बर्डलाइफ सुओमि या संघटनेची नामसमिती करते. तेव्हा अख्ख्या जोडशब्दाचा प्राचीन इतिहास शोधण्यात अर्थ नसतो. इतिहास असतो तो उत्तरपदाला, आणि कधी कधी पूर्वपदालाही. ‘तेर्वापॅस्क्यु’ हे एका पाकोळीचे नाव घ्या. त्यातील ‘पॅस्क्यु’ म्हणजे भिंगरी आणि ‘तेर्वा’ म्हणजे डांबर. पक्ष्याचा काळसर रंग त्यात आला आहे. पण ‘तेर्वा’ हा शब्द बाल्टिक भाषांतून, म्हणजे लिथुआनियन आणि लाटव्हियन ज्या शाखेत येतात तिच्यातून, आलेला आहे. लिथुआनियनमध्ये राळयुक्त लाकडाला आणि डांबराला ‘देर्वा’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘देवदार’मधील ‘दारु’चा सगोत्र आहे. एका पक्षिनामाच्या पूर्वपदात एवढे दडलेले असते, म्हणून विग्रह घाईने करू नये.

याच पायरीवर अर्थाचीही खात्री करावी. मराठीत ‘हंस’ म्हटले की लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी डोळ्यांसमोर येतो. त्या पक्ष्याला फिनिशमध्ये ‘योउत्सेन’ म्हणतात, आणि तो शब्द पूर्णपणे वेगळा आहे : उत्तर सामी भाषेतील ‘न्युक्चा’ आणि उदमुर्त भाषेतील ‘युस्’ हे त्याचे आप्त मानले जातात. संस्कृत ‘हंस’ हा शब्द मात्र प्राधान्याने कलहंसवर्गीय पक्ष्यांसाठी वापरला जात असे. म्हणून तुलना ‘हान्हि’शीच करायची, ‘योउत्सेन’शी नव्हे. चित्रातल्या हंसावरून निघालेला अभ्यासक येथेच वाट चुकतो.

पायरी दुसरी : षष्ठीचे रूप पाहा

फिनिश शब्दकोशात नाम प्रथमेत दिलेले असते, पण त्याचे जुने अंग षष्ठीत दिसते. ‘हान्हि’ची षष्ठी ‘हान्हेन’ होते. शेवटचा ‘न’ हा षष्ठीचा प्रत्यय बाजूला काढला, की अंग उरते ‘हान्हे-’. म्हणजे प्रथमेतील ‘इ’ हा मूळचा ‘ए’ असून शब्दान्ती तो बदलला आहे. आता ‘कोर्प्पि’ हे डोमकावळ्याचे नाव पाहा. त्याची षष्ठी ‘कोर्पिन’ आहे. ‘इ’ तसाच राहतो.

हा फरक लहान दिसतो, पण तो फार कामाचा आहे. अंत्य ‘ए’चा ‘इ’ होण्याचा बदल फार पूर्वी घडून गेला. ज्या शब्दांत तो दिसतो ते शब्द त्या बदलाच्या आधीपासून भाषेत असले पाहिजेत. ज्यांच्या षष्ठीत ‘इ’ टिकतो ते सामान्यतः नंतर आले किंवा नंतर घडले. ‘कोर्प्पि’ हा स्वीडिश ‘कोर्प’वरून घेतलेला आहे. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडिश राज्याचा भाग होता, त्यामुळे असे शब्द शेकड्यांनी आले. त्याच पक्ष्याचे जुने नाव ‘कार्ने’ हे बाजूला पडले. याउलट कोकिळेच्या कुळातील ‘कॅकि’ची षष्ठी ‘कॅएन’ आणि क्रौंच पक्ष्याच्या ‘कुर्कि’ची षष्ठी ‘कुर्येन’ होते, म्हणजे ही दोन्ही नावे जुनी आहेत. येथे एक पथ्य मात्र पाळावे. या कसोटीवरून शब्द जुना की नवा हे कळते. तो स्वकीय की परकीय हे कळत नाही. ‘हान्हि’ जुना आहे, एवढेच आतापर्यंत हाती आले आहे.

पायरी तिसरी : शेजारच्या फिनिक भाषांत शोधा

फिनिशच्या अगदी जवळच्या भाषा म्हणजे कारेलियन, वेप्स, व्होटिक, एस्टोनियन आणि लिव्होनियन. या सगळ्यांना मिळून फिनिक भाषा म्हणतात. कारेलियनमध्ये ‘हान्हि’च आहे आणि एस्टोनियनमध्ये ‘हानि’ आहे. एस्टोनियन रूपात दुसरा ‘ह’ दिसत नाही. तेव्हा तो फिनिशमध्ये मागाहून शिरला की एस्टोनियनमध्ये गळाला, हे ठरवावे लागते. त्यासाठी दुसरी जोडी शोधायची. फिनिशमध्ये ‘जुना’ या अर्थी ‘वान्हा’ आणि एस्टोनियनमध्ये ‘वाना’. दोन्ही जोड्यांत ‘न्ह’ला समोर ‘न’ आहे, म्हणजे एस्टोनियनमध्ये ‘न’नंतरचा ‘ह’ नियमाने लोपला आहे. म्हणून फिनिकांच्या आदिभाषेत रूप *हान्हि असे धरता येते.

‘दुसरी जोडी शोधणे’ ही कृती या संपूर्ण कामाचा कणा आहे. एकट्या शब्दावरून काहीही सिद्ध होत नाही. प्रत्येक ध्वनिबदलासाठी निदान एक-दोन साक्षीदार शब्द मिळाले पाहिजेत आणि त्यांचा अर्थ आपल्या शब्दाशी संबंधित नसला तर अधिकच चांगले, कारण मग अर्थाच्या ओढीने रूप बदलले असण्याची शंका उरत नाही.

पायरी चौथी : दूरच्या सगोत्र भाषांत शब्द आहे का, ते तपासा

शब्द खरोखर उरालिक असेल, तर तो सामी, मोर्दविन, मारी, कोमी किंवा हंगेरियन यांपैकी काही भाषांत सापडायला हवा. कावळ्याचे नाव या कसोटीला उत्तम उतरते : फिनिश ‘वारिस’, एस्टोनियन ‘वारेस’, मोर्दविनच्या एर्झ्या भाषेत ‘वार्सेय’ आणि हंगेरियनमध्ये ‘वार्यू’. गरुडाचे ‘कोत्का’ हे नावही तसेच : उत्तर सामीत ‘गोआस्किन’ आणि एर्झ्यात ‘कुच्कान’. मूळच्या *कोच्का या रूपातील ‘च’चा फिनिशमध्ये ‘त’ झाला आहे.

‘हान्हि’च्या बाबतीत मात्र असे काही मिळत नाही. सामीत कलहंसाला ‘चुओन्या’ म्हणतात, हंगेरियनमध्ये ‘लूद’. फिनिक भाषांपलीकडे ‘हान्हि’ला आप्त नाही. मग फिनिशमधील जुना, घरचा शब्द कोठे गेला? येथे थोडे थांबावे, कारण उत्तर सुंदर आहे. हंगेरियन ‘लूद’ आणि सायबेरियातील मान्सी भाषेतील ‘लुंत’ या दोन्हींचा अर्थ कलहंस, उत्तर सामीतील ‘लोद्दि’चा अर्थ पक्षी, आणि फिनिशमध्ये याच शब्दाचे रूप आहे ‘लिन्तु’, म्हणजे पक्षी. पुनर्रचित रूप *लुन्ता असे देतात. पूर्वेकडील भाषांत अर्थ ‘कलहंस’ आणि पश्चिमेकडे ‘पक्षी’ अशी ही विभागणी आहे. फिनिशमधील ‘इ’ हा स्वर नियमाला सोडून आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. अभ्यासक ते मान्य करूनच ही व्युत्पत्ती देतात. ज्या भाषेत सर्वसामान्य पक्ष्यासाठी वापरला जाणारा शब्द इतरत्र कलहंसाचे नाव आहे, त्या भाषेने कलहंसासाठी मात्र बाहेरून शब्द घेतला. आकाशगंगेलासुद्धा फिन लोक ‘लिन्नुन्राता’, म्हणजे पक्ष्यांची वाट, म्हणतात.

पायरी पाचवी : दाता कोण, ते ठरवा

शब्द जुना आहे, पण फिनिकांबाहेर उरालिक आप्त नाहीत. अशा वेळी तो उसना असण्याची शक्यता तपासावी. फिनिक भाषांना प्राचीन काळी शेजारी लाभले ते मुख्यतः तीन : बाल्टिक, जर्मानिक (जर्मन, स्वीडिश यांची शाखा) आणि त्यांहून आधी, पूर्वेकडे, इंडो-इराणी (संस्कृत आणि इराणी भाषांची शाखा).

‘हान्हि’सारखा शब्द बाल्टिक शाखेत आहे. लिथुआनियनमध्ये कलहंसाला ‘झ़ासिस’ म्हणतात. त्याच्या लेखनात पहिल्या स्वराखाली एक लहानशी शेपटी काढतात. ती पूर्वीच्या अनुनासिकाची खूण आहे. आज तो स्वर केवळ दीर्घ उच्चारला जातो, पण लेखनाने ‘न’ जपून ठेवला आहे. त्यावरून जुने बाल्टिक रूप *झ़ान्सिस ठरते. आता ‘झ़ान्सिस’ आणि ‘हान्हि’ यांत कानाला काही फारसे साम्य वाटत नाही. हंसाचे साम्य किती ठळक होते! तरीही अभ्यासक दाता म्हणून बाल्टिककडेच बोट दाखवतात, आणि त्याचे कारण आहे साक्षीदारांची रांग.

वाटाण्याला लिथुआनियनमध्ये ‘झ़िर्निस’ म्हणतात, फिनिशमध्ये ‘हेर्ने’. धारदार कडेला लिथुआनियनमध्ये ‘झ़ाम्बास’ म्हणतात. फिनिशमध्ये ‘हाम्मास’ म्हणजे दात. हिमकणांना लिथुआनियनमध्ये ‘शाल्ना’, फिनिशमध्ये पिके करपवणाऱ्या दहिवराला ‘हाल्ला’. वाळलेल्या गवताला लिथुआनियनमध्ये ‘शिएनास’, फिनिशमध्ये ‘हेइनॅ’. अर्थ पाहा : शेतीचा शब्द आहे, शरीराचा आहे, हवामानाचा आहे, चाऱ्याचा आहे. या सगळ्यांत बाल्टिक ‘झ़’ किंवा ‘श’ यांच्या जागी फिनिशमध्ये ‘ह’ आला आहे. या रांगेत ‘झ़ासिस’ आणि ‘हान्हि’ आपोआप बसतात.

असे का घडले, याचेही स्पष्टीकरण आहे. त्या काळच्या फिनिकमध्ये घोष ऊष्म ध्वनी नव्हता, म्हणून ‘झ़’ आणि ‘श’ हे दोन्ही ‘श’ म्हणूनच स्वीकारले गेले आणि शब्द *शान्शि असा झाला. पुढे भाषेतील प्रत्येक जुन्या ‘श’चा ‘ह’ झाला. हा बदल उसन्या शब्दांपुरता नव्हता. उंदराला फिनिशमध्ये ‘हीरि’ म्हणतात, तर मोर्दविनच्या मोक्षा भाषेत ‘शेयेर’. हा अस्सल उरालिक शब्द आहे आणि त्यातही ‘श’चा ‘ह’ झालेला दिसतो. म्हणून *शान्शि > *हान्हि ही साखळी पक्की आहे. एक बारकावा राहतो : लिथुआनियन शब्दात दुसऱ्या जागी साधा ‘स’ आहे, फिनिकमध्ये मात्र दोन्ही जागी ‘श’ धरावा लागतो, अन्यथा दुसरा ‘ह’ येणार नाही. व्युत्पत्ती मांडताना हा तपशील झाकू नये.

फिनिक भाषांतील बाल्टिक शब्दांचा पद्धतशीर अभ्यास डॅनिश भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन यांनी केला आणि त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मानिक उसनवारीवरील त्यांचा ग्रंथ त्याआधी, १८६९ मध्ये आला होता. आज आपण ज्या रांगा इतक्या सहज मांडतो, त्यांचा पाया त्या कामाने घातला.

पायरी सहावी : ‘हंस’शी असलेले नाते आता तपासा

लिथुआनियन ही इंडो-युरोपीय भाषा असल्यामुळे ‘झ़ासिस’ आणि ‘हंस’ हे खरे सगोत्र शब्द आहेत. जर्मन ‘गान्स’, स्वीडिश ‘गोस’ आणि लॅटिन ‘आन्सर’ हेही त्याच कुटुंबातील आहेत. लॅटिनमध्ये आरंभीचा ‘ह’ गळून गेला आहे. म्हणजे करड्या कलहंसाचे शास्त्रीय नाव, त्याचे फिनिश नाव आणि आपला हंस हे तिन्ही शेवटी एकाच मुळाशी जातात.

मुळातील पहिला ध्वनी तालव्य स्वरूपाचा ‘घ’ होता. संस्कृतात त्याचा ‘ह’ झाला आणि लिथुआनियनमध्ये ‘झ़’. साक्षीदार पाहिजेत, तर हे घ्या : संस्कृत ‘हिम’ आणि ‘हेमन्त’, लिथुआनियन ‘झ़िएमा’ म्हणजे हिवाळा, संस्कृत ‘वहति’, लिथुआनियन ‘वेझ़्ति’ म्हणजे वाहून नेणे. तेव्हा संस्कृत ‘ह’ हा ‘घ’पासून आला आणि फिनिश ‘ह’ हा ‘झ़’च्या जागी घेतलेल्या ‘श’पासून. दोन्ही भाषांत शेवटी एकच अक्षर उरले, ही केवळ जुळून आलेली गोष्ट आहे.

याची परीक्षा मघाच्या ‘हाम्मास’ने करता येते. लिथुआनियन ‘झ़ाम्बास’चा संस्कृतातील सगोत्र शब्द आहे ‘जम्भ’, म्हणजे दात. मूळ ध्वनी येथे तालव्य ‘ग’ होता. संस्कृतात ‘घ’ आणि ‘ग’ वेगळे राहिले, एकाचा ‘ह’ झाला व दुसऱ्याचा ‘ज’. बाल्टिकमध्ये दोन्हींचा मिळून ‘झ़’ झाला. म्हणून फिनिशमध्ये ‘हान्हि’ आणि ‘हाम्मास’ या दोहोंच्या आरंभी ‘ह’ आहे, पण संस्कृतात ‘हंस’ आणि ‘जम्भ’ अशी वेगवेगळी अक्षरे आहेत. ज्याने केवळ ‘ह’ला ‘ह’ जुळवला, त्याला हंस सापडला असता आणि जम्भ कधीच सापडला नसता.

मग हा शब्द थेट इंडो-इराणी लोकांकडूनच आला नसेल का? हा प्रश्न रास्त आहे, कारण तसे शब्द फिनिशमध्ये आहेत. शंभराला फिनिशमध्ये ‘साता’ म्हणतात आणि तो ‘शत’शी जुळणाऱ्या इंडो-इराणी शब्दावरूनच आला आहे. परंतु ‘साता’चे आप्त एर्झ्यात ‘स्यादो’, उत्तर सामीत ‘चुओह्ति’ आणि हंगेरियनमध्ये ‘साझ’ असे दूरवर पसरले आहेत. ‘हान्हि’ फक्त बाल्टिक समुद्राभोवतीच्या फिनिक भाषांत आढळतो. ध्वनी आणि भूगोल दोन्ही एकाच दाराकडे नेतात, आणि ते दार बाल्टिकचे आहे.

पायरी सातवी : काळाचा क्रम लावा

‘श’चा ‘ह’ होण्यापूर्वी फिनिकमध्ये ‘ह’ हा ध्वनीच नव्हता. या एका गोष्टीवरून इतर पक्षिनामांचे वय अजमावता येते. कोंबडीला फिनिशमध्ये ‘काना’ म्हणतात. हा शब्द जर्मानिक आहे. जर्मन ‘हान’ म्हणजे कोंबडा हा त्याच्याच कुटुंबातील. ससाण्याच्या कुळातील पक्ष्याला ‘हाउक्का’ म्हणतात आणि तोही जर्मानिक. जर्मन ‘हाबिख्त’ आणि स्वीडिश ‘हॉक’ ही त्याची भावंडे. दोन्हींच्या जर्मानिक रूपाच्या आरंभी ‘ह’ आहे. मग एकदा ‘क’ आणि एकदा ‘ह’ का? ‘काना’ आला तेव्हा फिनिक तोंडाला ‘ह’ ठाऊक नव्हता, म्हणून जवळचा ‘क’ घेतला गेला. ‘हाउक्का’ आला तेव्हा ‘ह’ भाषेत रुळला होता. ‘हाउक्का’चे जुने रूप ‘हावुक्का’ कारेलियनमध्ये अजून जिवंत आहे आणि ते जर्मानिक मूळ रूपाच्या बरेच जवळचे आहे. बोलीभाषांकडे दुर्लक्ष केले, तर असा मधला दुवा हातचा जातो.

पायरी आठवी : आवाजावरून पडलेली नावे वेगळी काढा

कोंबड्याला फिनिशमध्ये ‘कुक्को’ म्हणतात आणि संस्कृतात ‘कुक्कुट’. ‘कॅकि’ आणि ‘कोकिळ’ यांतही कोणाला नाते दिसेल. ही जोडी कितीही मोहक असली, तरी पुरावा म्हणून ती शून्य आहे, कारण पक्षी स्वतःच ते नाव ओरडून सांगतो आणि प्रत्येक भाषा ते आपापल्या परीने उचलते. आपल्या ‘टिटवी’चे नाव असेच पडले आहे. अशा नावांची आणखी एक अडचण आहे : ती ध्वनिनियम पाळत नाहीत, कारण दर पिढीला पक्ष्याचा आवाज ऐकून शब्द पुन्हा ताजा केला जातो. म्हणून नाव ध्वन्यनुकारी वाटले, तर केवळ त्याच कुळातील, नियमाने जुळणारी रूपे धरावीत आणि कुळाबाहेरची तुलना सोडून द्यावी.

पायरी नववी : कोश कसा वाचावा

येथवरची तपासणी स्वतः करून मग कोश उघडावा, म्हणजे नोंदीतील प्रत्येक रूप तेथे का दिले आहे हे कळते. मुख्य आधार आहे ‘सुओमेन सानोयेन आल्कुपॅरॅ’, म्हणजे ‘फिनिश शब्दांचे मूळ’, हा १९९२ ते २००० या काळात निघालेला तीन खंडांचा कोश. त्याच्या आधीचा मोठा व्युत्पत्तिकोश १९५५ ते १९८१ या काळात प्रसिद्ध झाला. फिनलंडच्या देशी भाषा संस्थेने व्युत्पत्तिकोश आणि बोलींचा कोश दोन्ही संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. बोलींच्या कोशाचे काम अजून सुरू आहे, पण ‘ह’ आणि ‘क’ने सुरू होणारे येथील शब्द त्यात मिळतात. उरालिक तुलनेसाठी कारोय रेदेइ यांचा जर्मन भाषेतील कोश आहे आणि संस्कृत-मराठी बाजूसाठी टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश. फिनिश पक्षिनामांवर काइसा हॅक्किनेन यांचे २००४ मध्ये निघालेले स्वतंत्र पुस्तकही आहे. फिनिश वाचता येत असेल तर ते अवश्य पाहावे.

फिनिश कोश वाचताना भाषांची नावे गोंधळात पाडतात. एस्टोनियनला फिन ‘विरो’ म्हणतात, स्वीडिशला ‘रुओत्सि’, जर्मनला ‘साक्सा’, रशियनला ‘वेनॅयॅ’, लिथुआनियनला ‘लिएत्तुआ’ आणि हंगेरियनला ‘उंकारि’. सामीसाठी जुन्या ग्रंथांत ‘लाप्पि’ येते. ‘लाइना’ म्हणजे उसना शब्द. टिंबांची अक्षरे वर्णमालेत अगदी शेवटी असतात, त्यामुळे छापील कोशात ‘कॅकि’ हा शब्द ‘का’जवळ शोधू नये. नोंदीत प्रश्नचिन्ह दिसले, तर ते आपल्या लेखनातही जसेच्या तसे आणावे. प्रश्नचिन्ह गाळून शंकेचे विधान खात्रीचे करणे हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा अपराध आहे, आणि आंतरजालावर फिरणाऱ्या व्युत्पत्त्यांत तो सर्रास घडतो.

पायरी दहावी : नोंद लिहा

शेवटी सर्व निष्कर्ष एका नोंदीत आणावेत. ‘हान्हि’ची नोंद अशी होईल : ‘हान्हि, षष्ठी हान्हेन, कलहंस. फिनिक भाषांत सर्वत्र. कारेलियन हान्हि, एस्टोनियन हानि. आदिफिनिक *हान्हि, त्याआधी *शान्शि. बाल्टिक *झ़ान्सिसवरून उसना. तुलना लिथुआनियन झ़ासिस. दात्या शब्दाचे सगोत्र : जर्मन गान्स, लॅटिन आन्सर, संस्कृत हंस.’ ‘उसना’ आणि ‘सगोत्र’ हे दोन शब्द येथे जागच्या जागी असणे फार महत्त्वाचे आहे. हंस हा झ़ासिसचा सगोत्र आहे. हान्हि त्या घरातून आणलेला शब्द आहे. ‘हान्हि हा संस्कृत हंसापासून आला’ असे लिहिणे चूक ठरेल.

पद्धत अंगवळणी पडावी म्हणून ‘तेएरि’ हे नाव स्वतः तपासून पाहावे. ‘लायरुरस टेट्रिक्स’ या शास्त्रीय नावाच्या, काळ्या पिसाऱ्याच्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचे हे नाव. षष्ठी ‘तेएरेन’, म्हणजे शब्द जुना. कारेलियन ‘तेत्रि’, एस्टोनियन ‘तेदेर’. यावरून फिनिश रूपात ‘र’आधीचा ‘त’ जाऊन त्या जागी स्वर आला हे कळते, आणि ‘र’आधीच्या व्यंजनाच्या तशाच बदलाचा साक्षीदार म्हणून ओट या धान्याचे ‘काउरा’ हे नाव घ्यावे, ज्याचे बोलीतील रूप ‘काक्रा’ आहे. लिथुआनियनमध्ये ‘तेतेर्वा’, लाटव्हियनमध्ये ‘तेतेरिस’, रशियनमध्ये ‘तेतेरेव’. बाल्टिक उसनवारी येथेही उघड आहे. संस्कृतातील ‘तित्तिर’ आणि आपला तितर याच मालिकेत ठेवले जातात; पण येथे आठवी पायरी आडवी येते, कारण हे नाव पक्ष्याच्या आवाजावरून पडलेले आहे आणि असा शब्द दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही घडू शकतो. म्हणून ‘तेएरि’च्या नोंदीत लिथुआनियन रूपाआधी ‘बाल्टिकवरून उसना’ असे लिहावे आणि ‘तित्तिर’ पुढे ‘तुलना करा, ध्वन्यनुकारी’ एवढेच.